पाण्यातला दोनाचा आकडा

रसायनशास्त्राशी शाळा सुटली त्या दिवशीच ज्यांनी कायमचा काडीमोड घेतला, अशा थोरामोठ्यांनाही त्या शास्त्रातले एक सूत्र जन्मभर पाठ असते. ते म्हणजे पाण्याचे ‘एच-टू-ओ’. पावकी-निमकी विसरते, इंग्लंडच्या राजांची नावे विसरतात, भूमितीची प्रमेये तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच विसरतात. पण एच-टू-ओ काही विसरत नाही. वकील असोत, बँकेतले कारकून असोत, की नातवंडांना सांभाळणारी आजी असो, पाण्याचे सूत्र विचारा, उत्तर तयार! हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक.

मी पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत शास्त्र शिकवले. हे सूत्र फळ्यावर लिहायचे आणि चाळीस-पन्नास मुलांनी ते एका सुरात म्हणायचे, हा दरवर्षीचा ठरलेला कार्यक्रम. एका वर्षी मात्र आठवीतल्या एका मुलीने मागच्या बाकावरून हात वर केला आणि विचारले, “बाई, पण ते दोन मोजले कुणी?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. अणू डोळ्यांना दिसत नाही, चिमट्यात धरता येत नाही, तराजूत एकटा घालता येत नाही. मग ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोनच अणू, एक नव्हे आणि तीनही नव्हेत, हे ठरवले कुणी आणि कशावरून? तास संपायला दहा मिनिटे उरली होती. आणि या प्रश्नाच्या उत्तराला युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना पन्नास वर्षे लागली होती! मी पुढचे तीन तास त्या एका प्रश्नाला दिले. वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत सर्वांनाच जरा निवांतपणा असतो, म्हणून तीच हकीकत आज तुमच्यापुढे मांडते. फराळाचे ताट जवळ घेऊन वाचायला हरकत नाही, कारण त्या ताटातले काही जिन्नस मला उदाहरणाला लागणारच आहेत.

आधी चार शब्द

सोने, चांदी, तांबे, लोखंड, कोळशातला कार्बन, हवेतला ऑक्सिजन ही मूलद्रव्ये. रासायनिक क्रियेने ती आणखी साध्या पदार्थांत फोडता येत नाहीत. आजमितीस अशी ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत. मूलद्रव्याचा, त्याचे गुण राखणारा, लहानात लहान कण म्हणजे अणू. दोन किंवा अधिक अणू एकमेकांना घट्ट धरून राहिले की होतो रेणू. आणि निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंनी मिळून रेणू बनवला, तर त्या पदार्थाला म्हणायचे संयुग.

संयुग आणि मिश्रण यांत मुले नेहमी घोटाळा करतात. ताटातला चिवडा पाहा. ते मिश्रण. त्यातले शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप निवडून काढता येतात. आणि कशाचे प्रमाण किती, हे ज्या त्या घरच्या सुगरणीच्या मर्जीवर. पाण्याचे तसे नाही. मुठेचे घ्या, कृष्णेचे घ्या, नाही तर लंडनच्या थेम्सचे घ्या. शुद्ध करून फोडले, की वजनाने एक भाग हायड्रोजन आणि जवळजवळ बरोबर आठ भाग ऑक्सिजन. येथे कुणाची मर्जी चालत नाही.

आणखी एक सूचना, विशेषतः ज्यांची मुले बदलीमुळे हिंदी माध्यमातून मराठीत आली असतील त्यांना. हिंदी पाठ्यपुस्तकात अणूला ‘परमाणु’ म्हणतात आणि रेणूला ‘अणु’. तेव्हा एकाच शब्दाने दोन घरांत दोन माणसे ओळखली जातात, हे ध्यानात ठेवलेले बरे. परमाणू हा शब्द आपल्याकडे वैशेषिक दर्शनापासून आहे. कणादाच्या परंपरेत दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, असेही मानले होते. परंतु तो विचार तत्त्वज्ञानाचा. त्यात तराजू नव्हता. आपली गोष्ट सुरू होते तराजूपासून.

पाण्याचे आसन डळमळते

पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही आपली पंचमहाभूते. ग्रीकांची भूते चारच. दोन्ही याद्यांत पाणी होते, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातले बहुतेक विद्वान पाणी हे मूळ तत्त्वच मानत होते.

त्या आसनाला पहिला धक्का दिला हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज गृहस्थाने. हा गडगंज श्रीमंत आणि विलक्षण लाजाळू; घरच्या नोकराणीला जेवणाची सूचनासुद्धा चिठ्ठीने देणारा. आम्लात धातू टाकले की पेट घेणारा जो वायू निघतो, त्याचे वर्णन त्याने १७६६ मध्ये केले. पुढे १७८१ च्या सुमारास तो वायू बंद भांड्यात ऑक्सिजनबरोबर पेटवला, तेव्हा भांड्याच्या आतल्या बाजूला दव जमले. ते शुद्ध पाणी होते. आगीतून पाणी!

त्याचा नेमका अर्थ लावला पॅरिसच्या लव्हॉझिएने. त्याने १७८३ मध्ये जाहीर केले, की पाणी हे मूलद्रव्य नव्हे, संयुग आहे. मग लालबुंद तापलेल्या लोखंडी बंदुकीच्या नळीतून वाफ सोडून त्याने ते उलट्या बाजूनेही सिद्ध केले. ऑक्सिजन लोखंडाने धरून ठेवला आणि दुसऱ्या टोकाने तो जळाऊ वायू बाहेर पडला. त्याला नाव मिळाले हायड्रोजन, म्हणजे पाणी जन्माला घालणारा. १७८९ मध्ये लव्हॉझिएने ३३ मूलद्रव्यांची यादी छापली. तिच्यात पाणी नव्हते. हा लव्हॉझिए सरकारचे कर गोळा करणाऱ्या मंडळींपैकी एक होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी त्याच कारणास्तव त्याचे डोके उडवण्यात आले.

पाणी दोन वस्तूंचे बनते, एवढे ठरले. पण कितींना किती?

मँचेस्टरचा मास्तर

येथे आपल्या गोष्टीत एक मास्तर येतो, आणि मला त्याच्याविषयी साहजिकच आपुलकी आहे. जॉन डाल्टन हा विणकराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षी, स्वतः शिकण्याच्या वयात, तो गावच्या शाळेत शिकवू लागला. पुढे मँचेस्टरला शिकवण्या करूनच त्याने पोट भरले. हवामानाची रोजची नोंद ठेवण्याचा त्याला छंद होता. सत्तावन्न वर्षे त्याने ती नोंद ठेवली, आणि २७ जुलै १८४४ रोजी तो वारला, त्याच्या आदल्या दिवसाची नोंदसुद्धा वहीत आहे.

या मास्तराने १८०३ च्या सुमारास एक धाडसी गोष्ट मांडली आणि १८०८ मध्ये ती ग्रंथरूपाने छापली. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापसांत सारखे, त्यांचे वजन ठरलेले, आणि संयुगात ते पूर्ण संख्येनेच जुळतात. म्हणूनच पाण्यात वजनाचे प्रमाण ठरलेले असते. अणूची अर्धी-पाव फोड होत नाही, त्यामुळे प्रमाण इकडे-तिकडे सरकायला वावच नाही.

आता अडचण पाहा. समजा, एका बंद पोत्यात लिंबे आणि नारळ आहेत. सर्व लिंबांचे वजन एक किलो, सर्व नारळांचे आठ किलो. एक नारळ किती लिंबांच्या भाराचा? लिंबे आणि नारळ संख्येने सारखे असतील, तर एक नारळ आठ लिंबांच्या भाराचा. पण एका नारळाला दोन लिंबे असे असेल, तर नारळ सोळा लिंबांच्या भाराचा. संख्या कळल्याशिवाय भार कळत नाही, आणि भार कळल्याशिवाय संख्या कळत नाही. पोते कितीही काटेकोर तोला, उत्तर मिळायचे नाही.

डाल्टनने मग एक नियम मानून घेतला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर ते एकास-एक समजावे. पाणी हे त्या वेळी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे माहीत असलेले एकुलते एक संयुग. म्हणून त्याच्या लेखी पाणी होते ‘एच-ओ’! शास्त्राला अणू मिळवून देणाऱ्या या थोर माणसाने तो दोनाचा आकडा लिहिलाच नाही.

वायूंच्या मापाने घातलेले कोडे

दोनाची पहिली चाहूल मात्र तोवर लागलेली होती. १८०० मध्ये व्होल्टाच्या विजेच्या घटाची बातमी इंग्लंडात पोचली आणि थोड्याच आठवड्यांत निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी त्या विजेने पाणी फोडले. एका तारेपाशी हायड्रोजन, दुसरीपाशी ऑक्सिजन. आणि हायड्रोजनचे आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट. पुढे फ्रान्सच्या गे-ल्यूसॅकने १८०८ मध्ये दाखवले, की वायू एकमेकांशी नेहमी अशा साध्या मापांनीच संयोग पावतात. दोन मापे हायड्रोजन, एक माप ऑक्सिजन, आणि त्यांतून तयार होते दोन मापे वाफ.

तुम्ही म्हणाल, मग झाले की! दोन मापे म्हणजे दोन अणू. इतके सोपे असते, तर पन्नास वर्षे लागली नसती. सारख्या मापात सारखेच कण असतात असे धरू. एका माप ऑक्सिजनमध्ये समजा हजार कण आहेत. वाफेची मापे झाली दोन, म्हणजे वाफेचे कण दोन हजार. प्रत्येक कणात थोडा तरी ऑक्सिजन हवाच. हजार ऑक्सिजन दोन हजारांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा! आणि अणू तर फुटत नाही, हा डाल्टनचा पहिलाच सिद्धान्त. त्याने सरळ सांगितले, की गे-ल्यूसॅकची मापेच अचूक नाहीत.

वकिलाने दाखवलेली वाट

कोडे सुटले इटलीत, तूरिनच्या एका वकिलाकडून. आमेदेओ आव्होगाद्रो याने पदवी घेतली कायद्याची. पदार्थविज्ञानाचा नाद नंतर लागला. व्हेर्चेली येथील विद्यालयात शिकवत असताना १८११ मध्ये त्याने एक निबंध छापला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: सारख्या उष्णतामानाला आणि सारख्या दाबाला कोणत्याही वायूच्या सारख्या मापात रेणू सारखेच असतात. आणि ऑक्सिजन वायूचा रेणू म्हणजे एकटा अणू नव्हे. ती दोन अणूंची जोडी आहे. हायड्रोजनचेही तसेच.

वर्गात हे मी फुगडीने समजावून देत असे. मंगळागौरीला मुली जमल्या आहेत. पांढऱ्या परकरातल्या मुली म्हणजे हायड्रोजन, तांबड्या परकरातल्या म्हणजे ऑक्सिजन. सगळ्या जोडीजोडीने फुगडी घालताहेत. पांढऱ्या दोन जोड्या, म्हणजे चार मुली. तांबडी एक जोडी, म्हणजे दोन मुली. टाळी वाजली. जोड्या सुटल्या आणि प्रत्येक तांबड्या मुलीने दोन पांढऱ्यांचे हात धरले. आता काय झाले? तिघी-तिघींचे दोन घोळके. आधी जोड्या होत्या तीन. आता घोळके झाले दोन. एकाही मुलीचे दोन तुकडे करावे लागले नाहीत!

दोन मापे आणि एक माप मिळून तीन नव्हे, दोनच मापे वाफ का होते, हे एवढ्याने उलगडते. फुटतो तो अणू नव्हे, जोडी फुटते. अणू आणि रेणू या दोन शब्दांतला भेद म्हणजे निव्वळ व्याख्येचा काथ्याकूट नव्हे, हे मुलांना येथे प्रथम उमगत असे. तो भेद नसेल, तर पाण्याचा हिशेबच लागत नाही.

पन्नास वर्षांचा गोंधळ

इतके सुबक उत्तर मिळाल्यावर युरोपने आव्होगाद्रोला डोक्यावर घ्यायला हवे होते. पण त्याच्याकडे कुणी फारसे लक्षच दिले नाही. याला कारणे होती. त्या काळचा सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचा बर्झेलियस. मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हे देण्याची आजची पद्धत त्याचीच. त्याचे मत असे, की अणू एकमेकांना धरून राहतात ते विजेच्या धन-ऋण ओढीने. मग एकाच जातीचे दोन अणू एकत्र राहतील कसे? ते तर एकमेकांना दूर लोटणार! ऑक्सिजनची ऑक्सिजनशी जोडी त्याच्या शास्त्रात बसेना. गंमत म्हणजे वायूंच्या मापांवरून तो स्वतः पाण्यात दोन हायड्रोजन मानत होता; पण जोडीची कल्पना त्याला नको होती.

पुढे फ्रान्सच्या द्युमाने गंधक, पारा यांच्या वाफा तोलून पाहिल्या, तर हिशेब आणखीच बिघडला. कारण त्याने सर्वच मूलद्रव्यांच्या रेणूंत दोन अणू धरले होते. पाऱ्याच्या वाफेत अणू एकेकटेच असतात आणि फॉस्फरसच्या वाफेत चौघांचा गट असतो, हे तेव्हा कुठे माहीत होते?

परिणाम असा झाला, की ज्याचे त्याचे अणुभार वेगळे. कुणी ऑक्सिजन ८ धरी, कुणी १६. कुणी कार्बन ६, कुणी १२. एकाचे पाणी एच-ओ, दुसऱ्याचे एच-टू-ओ. आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये जे असेटिक आम्ल असते, त्याची एकोणीस निरनिराळी सूत्रे केकुलेने १८६१ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात एका जागी मांडली आहेत. एका आम्लाची एकोणीस सूत्रे! विद्यार्थ्याने पाठ तरी काय करावे?

हे सारे चालू असता आव्होगाद्रो १८५६ मध्ये वारला. आपले म्हणणे जगाला पटलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

वर्गातल्या टिपणांची चोपडी

शेवटी केकुले आणि त्याच्या मित्रांनी ठरवले, की जगातल्या रसायनशास्त्रज्ञांनी एकत्र बसून हा घोळ मिटवावा. ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूए येथे परिषद भरली. सुमारे १४० शास्त्रज्ञ आले. तीन दिवस वाद झाला, आणि परिषदा जशा संपतात तशीच ही संपली. एकमत झाले नाही.

परंतु तेथे इटलीहून आलेला स्तानिस्लाव कानिझ्झारो नावाचा चौतिशीचा अध्यापक होता. तरुणपणी सिसिलीच्या १८४८ च्या उठावात उतरलेला, आणि उठाव फसल्यावर देश सोडून पळावे लागलेला. परत आल्यावर जेनोव्हा येथे तो रसायन शिकवू लागला. विद्यार्थ्यांना काही तरी निश्चित सांगायला हवे. एकोणीस सूत्रांनी वर्ग चालत नाही. म्हणून त्याने विसरलेला आव्होगाद्रो उचलला, आपला सारा अभ्यासक्रम त्यावर बसवला, आणि त्याची टिपणे १८५८ मध्ये छापली. परिषदेच्या अखेरीस त्याच्या एका मित्राने त्या चोपडीच्या प्रती वाटल्या.

त्या चोपडीतली युक्ती कुठल्याही गृहिणीला पटेल, इतकी सरळ आहे. सर्व वायू सारख्याच मापाने घ्यायचे. माप असे निवडायचे, की त्यात हायड्रोजन वायू २ भाग भरेल. आता त्याच मापात निरनिराळे वायू भरून प्रत्येकात ऑक्सिजनचा वाटा किती, ते पाहायचे. वाफेत १६ भाग. कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६. कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२. गंधक जाळल्यावर निघणाऱ्या वायूत ३२. खुद्द ऑक्सिजन वायूत ३२. सोळा, सोळाची दुप्पट, कुठे तिप्पट. पण आठ कुठेच नाही. जुन्या हिशेबात रुपयाचे सोळा आणे होते. एखाद्या बाजारात सारे व्यवहार पूर्ण रुपयांतच होताना दिसले आणि अधेली कुणाच्याच हातात आढळली नाही, तर तुम्ही काय म्हणाल? या बाजारात अधेली नाहीच! ऑक्सिजनचा अणू १६ चा. ८ चा नव्हे.

हायड्रोजनचेही असेच. त्याच मापात हायड्रोजन क्लोराइडमध्ये तो १ भाग, वाफेत २, अमोनियात ३, दलदलीतून निघणाऱ्या मिथेनमध्ये ४. सर्वांत लहान नाणे एकाचे. मग वाफेतले २ म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू, आणि तिच्यातले १६ म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. एच-टू-ओ! आठवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. अणू न पाहता, न शिवता, केवळ तराजू, मापे आणि विचार यांच्या बळावर ते दोन मोजले गेले.

कार्ल्सरूएला जमलेल्यांत लोथार मायर नावाचा एक तरुण जर्मन होता. चोपडी वाचल्यावर डोळ्यांवरचा पडदा गळून पडल्यासारखे वाटले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. दुसरा होता सव्वीस वर्षांचा एक रशियन, दिमित्री मेंदेलेयेव्ह. अणुभार खरे कळल्यावरच मूलद्रव्ये भाराच्या क्रमाने ओळीत लावणे शक्य होते. त्याने १८६९ मध्ये ती लावली, आणि ज्या जागा रिकाम्या राहिल्या तेथे कोणती मूलद्रव्ये सापडतील, हे आधीच सांगितले. त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावे देताना त्याने आपल्या संस्कृतातला ‘एक’ हा शब्द घेतला: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. तिन्ही पुढे सापडली. आज ती गॅलियम, स्कँडियम आणि जर्मेनियम या नावांनी ओळखली जातात.

एका आकड्याची किंमत

एखादे पालक म्हणतील, “बाई, एक की दोन, याने आमच्या संसारात काय फरक पडतो?” पडतो. आणि तो जिवावर बेतण्याइतका पडतो.

पाण्याच्या रेणूला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडा. होते हायड्रोजन पेरॉक्साइड, ‘एच-टू-ओ-टू’. जखम धुवायला आणि केसांचा रंग उडवायला जे पाण्यासारखे दिसणारे औषध बाटलीतून मिळते, त्यात हे असते. दिसते पाण्यासारखे, पण प्यायला घेतले तर घात होईल. फरक केवळ एका अणूचा.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले, की कार्बन डायऑक्साइड होतो. तो आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतो. पण जळताना हवा अपुरी पडली आणि कार्बनला एकच ऑक्सिजन मिळाला, तर होतो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरते त्याच्या दोनशेहून अधिक पट जोराने या वायूला धरून बसते, आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणारी माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळे. शहरांतल्या बंद न्हाणीघरात गॅसच्या गिझरने होणारे अपघात याच जातीचे. थंडी आता तोंडावर आली आहे. ज्यांच्या घरी असा गिझर असेल त्यांनी तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा आणि आतली झडप-खिडकी कधीही बंद करू नये. हे एवढे वाक्य वाचून एका घराने जरी गिझर हलवला, तरी माझ्या लेखाचे सार्थक झाले.

अणू खरेच आहेत काय?

येथवर आल्यावर कुणी विचारील, की हिशेब जुळला हे खरे, पण अणू-रेणू प्रत्यक्षात आहेत कशावरून? हा प्रश्नही थोरामोठ्यांना पडला होता. ओस्टव्हाल्डसारखा नामांकित रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अणूंना केवळ सोयीची कल्पना मानत होता. पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली सतत थरथरताना दिसतात. ते पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे, असे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये गणिताने दाखवले. १९०८ पासून फ्रान्सच्या पेरँने ते कण प्रत्यक्ष मोजून रेणूंची संख्याच काढली. ओस्टव्हाल्डने मत बदलले, आणि पेरँला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज ती संख्या नक्की ठरलेली आहे. अठरा ग्रॅम पाण्यात, म्हणजे पुरते चार चमचेही भरणार नाहीत एवढ्या पाण्यात, सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात. हे पचायला जड वाटत असेल तर एकच थेंब घ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एका थेंबात सोळा हजार परार्धांहून अधिक रेणू भरतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपल्या पूर्वजांनी मोजणीची शेवटची पायरी म्हणून जी संख्या ठेवली, ती पाण्याच्या एका थेंबाला सोळा हजार वेळा ओलांडावी लागते! या संख्येला आव्होगाद्रोचे नाव दिलेले आहे, आणि २० मे २०१९ पासून जगाच्या मापनपद्धतीत पदार्थाची राशी तिच्यावरूनच ठरवली जाते. हयातीत ज्याला कुणी विचारले नाही, त्याचे नाव आता प्रत्येक शाळेच्या पुस्तकात आहे.

सुट्टीतला एक प्रयोग

आता मुलांसाठी. हा प्रयोग घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून करावा. दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांना तासून घ्या. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा; नुसत्या शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. मीठ मात्र घालू नका, कारण त्याने क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पेल्यावर पुठ्ठा ठेवून त्याला दोन भोके पाडा आणि पेन्सिली त्यांतून अशा बसवा, की खालची टोके पाण्यात बुडतील, पण एकमेकींना लागणार नाहीत. वरच्या टोकांच्या शिशांना तारा गुंडाळून त्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला जोडा. घरातल्या भिंतीवरच्या विजेला चुकूनही हात लावायचा नाही. तिने जीव जातो. खिडकी उघडी असावी, आणि पणती किंवा फुलबाजी जवळ नसावी.

थोड्याच वेळात दोन्ही शिशांवर बुडबुडे धरू लागतील. नीट पाहा. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीवर ते भराभर येतील. धन टोकाकडे बरेच कमी. भराभर येतो तो हायड्रोजन, सावकाश येतो तो ऑक्सिजन. पेन्सिलीच्या शिशामुळे प्रमाण अगदी काटेकोर दुप्पट दिसेलच असे नाही. ऑक्सिजनचा काही भाग शिसे पोखरण्यात खर्च होतो. पण कोणती बाजू जास्त, याविषयी शंका उरणार नाही. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्ये जे पाहिले, तेच तुम्ही पाहत असाल.

आणि पालकांना एक विनंती. बुडबुडे पाहून मुलाने विचारले, की “पण आई, बुडबुडे दुप्पट म्हणजे अणू दुप्पट, हे कशावरून?” तर त्याला ‘पुस्तकात दिले आहे’ असे सांगून वाटेला लावू नका. डाल्टन मास्तर तेथेच अडला होता. हवे तर घरातल्या पोरींना फुगडीला उभे करा; सहा जणी पुरतात.